प सा ग ध : मिरजेतल्या शनिवारच्या युकुलेले वर्गाच्या नोंदी

शनिवार, २१ जून २०२५

वाद्यं आली. डझनभर सोप्रानो युकुलेले, म्हणजे गिटारसारख्या चार तारांच्या वाद्याचा छोटा आकार, सगळी प्लायवुडची. वाचनालयाच्या बालविभागाची खोली शनिवारी दुपारी मिळाली आहे. सकाळची शाळा सुटली की मुलं घरी जेवून इकडे येतील. वयं सहा ते नऊ.

सोप्रानोच का, असं वाद्यं घेऊन देणाऱ्यांनी विचारलं होतं. सोप्रानोची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असते, त्यामुळे पहिला पडदा, म्हणजे मानेवरची धातूची पहिली आडवी पट्टी, दोन सेंटीमीटरच्या आत येतो. मोठ्या गिटारवर तेच अंतर साडेतीनच्या वर जातं. पहिलीतल्या मुलाचा पंजा समोर धरून पाहिला की आणखी काही सांगावं लागत नाही. शिवाय तारा नायलॉनच्या, बोटाला कापत नाहीत. प्लायवुड मुद्दाम घेतलं. अखंड लाकडाचा आवाज गोड असतो, पण मिरजेचा पावसाळा आणि मुलांची हाताळणी, दोन्ही सोसायचं तर प्लायवुडच बरं.

वर्ग कसा चालवायचा ते आजच लिहून ठेवते. युकुलेलेच्या बहुतेक शिकवण्या सी, ए मायनर, एफ आणि जी सेव्हन या चार कॉर्डपासून सुरू होतात. मला तिथून सुरुवात करायची नाही. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर, ही साथ आहे. सहा वर्षांच्या मुलाला साथ नको असते, त्याला आपलं गाणं वाद्यातून ऐकायचं असतं. आणि या वाद्याच्या मोकळ्या तारांतच त्याची सोय आहे. पांढरी एकला, म्हणजे पेटीवरच्या सी ला, सा धरला तर हनुवटीकडून गुडघ्याकडे तारा अशा येतात: चौथी प, तिसरी सा, दुसरी ग, पहिली ध. चारही एकाच सप्तकात, कारण चौथी तार जाड नसून तिसरीपेक्षा उंच सुराची असते. प, सा, ग, ध म्हणजे भूप रागाचे पाचांतले चार सूर डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता मिळतात. राहिला रे. तो तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर.

एवढं हाताशी असताना मुलाला पहिल्याच दिवशी बोटं दुमडून बसवायची, हे मला पटत नाही.

मंगळवार, २४ जून

वाद्यांची तपासणी केली. तारा वरच्या पट्टीवर फारच उंच बसवलेल्या आहेत. तपासायची पद्धत सोपी आहे: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मधे दाबून धरायची आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट राहते ते पाहायचं. केसाएवढी राहिली तर ठीक. आमच्या बहुतेक वाद्यांत जाड पुठ्ठा सरकेल एवढी होती. अशी तार दाबताना ताणली जाते, म्हणून पहिल्या पडद्यावरचा म सरळ चढा लागतो, आणि दाबायला जोर लागतो तो वेगळाच.

सतारमेकर गल्लीतल्या चाचांकडे सगळी वाद्यं घेऊन गेले. त्यांनी एक उचललं, अंगठ्याने तारा छेडल्या, कान पोटाला लावला. "ताई, लेकरांची बोटं सोलून निघतील ह्याच्यावर. अटी उंच हाय." वरच्या पट्टीला ते अटी म्हणतात, तंबोऱ्याची म्हणतात तशीच. तारा सैल करून बाजूला सारल्या, बारीक कानस घेतली आणि प्रत्येक खाच खुंट्यांच्या बाजूला जराशी उतरती करत खाली नेली. दोन-तीन हात मारायचे, तार परत खाचेत टाकायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. खाच सपाट राहिली तर तार आतल्या आत थरथरते आणि आवाजाला खरखर येते, म्हणून तो उतार. हे मला कुठल्याही व्हिडिओत इतकं नीट कळलं नव्हतं.

काम चालू असताना चाचांनी विचारलं, हे वाद्य कुठलं. सांगितलं: हवाईचं म्हणतात, पण मूळ पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरचं. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज मादेइराहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. फर्निचर करणारे हात, आणि सोबत आपल्या बेटावरच्या माशेत नावाच्या छोट्या तंतुवाद्याची आठवण. त्यातून हे वाद्य झालं. राजा कालाकाऊआने ते दरबारात उचलून धरलं. चाचा म्हणाले, "म्हंजे आमच्यावानीच." त्यांचं खरं आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे घडवायला लागले ते शिकलगार, हत्यारांना धार लावणारे लोक. हत्यारांचं काम आटलं, हात वाद्यांकडे वळले. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

सगळी वाद्यं शुक्रवारपर्यंत होतील.

शनिवार, २८ जून

पहिला वर्ग. वाद्य हातात देण्याआधी हाका मारल्या. प्रत्येकाने समोरच्याला दुरून हाक मारायची: "ए ताऽई", "ए दाऽदा". पोरं बिनदिक्कत ओरडली. आणि बघा, बहुतेकांची हाक वरून खाली एकाच अंतराने उतरते, प वरून ग वर. गल्लीत आईला हाक मारणारं पोर जवळपास हेच दोन सूर लावतं. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभं राहिलेलं शालेय संगीतशिक्षण याच जोडीपासून सुरू होतं. तिथल्या मुलांना हा प-ग गळ्यातून काढावा लागतो. आमच्याकडे तो चौथ्या आणि दुसऱ्या तारेवर तयार बसलाय.

मग वाद्यं दिली. उजव्या हाताची वाटणी अशी केली: प आणि सा अंगठ्याकडे, ग तर्जनीकडे, ध मधल्या बोटाकडे. डाव्या हाताने फक्त मान धरायची. अंगठ्याने प, तर्जनीने ग. "ताऽई." पुन्हा. "दाऽदा." मधली सा ची तार चुकवून जायला पहिल्यांदा त्रास झाला, पण पाच-सात हाकांत बोटं रुळली.

सगळ्यात लहान मुलगा, समोरचे दोन दात पडलेला, वाद्य घेऊन दाराबाहेर गेला आणि तिथून काहीच न बोलता फक्त प-ग वाजवलं. आतून त्याची बहीण ओरडली, "काय रेऽ?" तिला ती हाक समजली होती. मग सगळ्यांनाच दाराबाहेर जायचं होतं. उरलेला वेळ तोच खेळ.

शेवटी ध जोडला. प प ध ध प प ग. कुठल्याही अंगणात ऐकू येणारी बडबडगीतं याच तीन सुरांच्या आसपास फिरतात. मुलं आपोआप शब्द घालू लागली, कुणी पावसाचं गाणं, कुणी चांदोबाचं. चाली तंतोतंत बसत नव्हत्या. मी त्या दुरुस्त करत बसले नाही, मुलं त्या तीन तारांवर गात होती हे मला पुरेसं होतं.

शनिवार, ५ जुलै

उद्या आषाढी. सकाळी शाळांच्या बालदिंड्या होत्या, त्यामुळे अर्धी मुलं धोतर-टोपीत आणि नऊवारीतच आली. कपाळावर बुक्का तसाच. आज ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि नुसती सा-प ची आस, म्हणजे गाण्याखाली सतत राहणारा आधारसूर, धरायला शिकवली: अंगठा चौथ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर सावकाश ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा. वर विठ्ठलाचा गजर.

हे मला या वर्गातलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण वाटतं. आपली बहुतेक गाणी एका सा ला धरून चालतात. सा-प ची आस खाली असली की सूर सुटला तर मुलाच्या स्वतःच्याच कानाला कळतं, ताईने सांगावं लागत नाही. कॉर्ड बदलत राहिल्या तर हा आधारच हलत राहतो. कॉर्ड वाईट नाहीत, आपण त्यांच्याकडे येणार आहोत, पण कान आधी एका जागी स्थिर झालेला बरा.

धोतरातल्या एकाने युकुलेले वीणेसारखं उभं धरलं, खांद्याशी. सकाळी दिंडीतल्या वीणेकऱ्याजवळ उभा राहून आला होता. त्याने सगळ्यांना बजावलं की वीणा खाली ठेवत नाहीत. त्यामुळे आज एकही वाद्य जमिनीवर दिसलं नाही. हा नियम मी तसाच चालू ठेवणार आहे.

तारा लावण्याबद्दल. नव्या नायलॉनच्या तारा अजून ताणल्या जात आहेत, दर वर्गाआधी उतरलेल्या असतात. शुक्रवारी रात्री एकदा आणि शनिवारी मुलं यायच्या आधी एकदा लावते. चिमट्याचा ट्यूनर घेतला आहे, तो लाकडाचं कंपन घेतो, त्यामुळे खोलीत गोंधळ असला तरी चालतो. पण एक गोष्ट कानाला खटकते. ट्यूनर ग ला साधारण ३३० हर्ट्झवर हिरवा होतो. २६१.६ च्या सा वर तंबोऱ्यातून ऐकू येणारा ग ३२७ च्या आसपास असतो. म्हणजे ट्यूनरचा ग चढा आहे, आणि सा बरोबर वाजवला की आवाजात लाट येते. जोवर आम्ही मोकळ्या तारांवर भूप वाजवतोय तोवर ग कानानेच लावायचा, जरा उतरवून. प ला हा प्रश्न नाही, तो दोन्हीकडे ३९२ च्या आतबाहेर. कॉर्ड सुरू झाल्या की ग परत ट्यूनरवर न्यावा लागेल, नाहीतर त्याच तारेवरचा म उतरलेला लागेल.

शनिवार, १२ जुलै

रे. डाव्या हाताचं पहिलं काम.

तिसऱ्या तारेखाली दुसऱ्या पडद्याच्या अलीकडे लाल टिकली चिकटवली. बोट टिकलीवर, पडद्याच्या धातूवर नाही आणि दोन पडद्यांच्या मधोमधही नाही, धातूला चिकटून अलीकडे. तिथे कमीत कमी जोर लागतो. मुलं मधोमध दाबतात, खरखर येते, मग जीव खाऊन दाबतात. टिकलीमुळे हे बोलणं वाचलं.

कुठलं बोट, यावर मी आग्रह धरला नाही. पुस्तकी नियमाने दुसऱ्या पडद्यावर मधलं बोट. पण सहा वर्षांच्या मुलाचं तर्जनीशिवाय दुसरं बोट स्वतंत्र हलतच नाही. तर्जनी तर तर्जनी. आठ-नऊच्या मुलांना मात्र मधलं बोट वापरायला लावलं, कारण पुढे तर्जनी पहिल्या पडद्यासाठी मोकळी हवी.

सा रे ग, ग रे सा. खूप वेळ. डाव्या अंगठ्याने मान मागून दाबून धरली की मनगट आखडतं. वाद्य उजव्या कोपराखाली आणि छातीशी धरलेलं असेल तर डाव्या हाताला वजन पेलावं लागत नाही. प्रत्येकाला डावा हात पूर्ण सोडून दाखवायला सांगितलं. वाद्य पडलं नाही तर धरलंय बरोबर.

डावखुरा मुलगा वाद्य उलटं धरतो. त्याला सरळ धरायला लावायचं की वाद्य त्याच्यासारखं करायचं? मी दोन आठवडे बघत होते. तो पेन्सिल, चमचा, चेंडू, सगळं डाव्याने करतो आणि उलट्या वाद्यावरही हाकांचा खेळ सगळ्यांच्या आधी जमवतो. त्याचं वाद्य बदलायचं. चाचांकडे दिलं. चौथी आणि पहिली तार जाडीला जवळपास सारखी असते, त्यामुळे बाहेरच्या खाचा चालतील. मधल्या दोघींत सा ची तार ग पेक्षा जाड, तेवढीच एक खाच रुंद करायची आहे.

शनिवार, १९ जुलै

धो धो पाऊस. जेमतेम चार मुलं. सा रे ग प ध सगळे सूर एकामागून एक, जाताना आणि येताना. बाकी काही नाही.

शनिवार, २६ जुलै

आज गाणं झालं, मुलांचं स्वतःचं.

मी फक्त दोन अटी घातल्या: पाचच सूर वापरायचे आणि एका ओळीत आठ टाळ्या बसल्या पाहिजेत. विषय निवडायला वेळ लागला नाही. वाचनालयाच्या रस्त्यावरून एसटी जाते आणि ती गेली की दर वेळी वर्ग थांबतो. पहिली ओळ धाकट्यांनी दिली, हाकेच्याच सुरात:

एसटी आली, एसटी आली
प ग प ग, प ध प ग

दुसरी थोरल्यांनी:

खिडकीपाशी जागा झाली
ग ग रे रे, ग रे सा सा

पहिली ओळ पूर्ण मोकळ्या तारांवर वाजते, दुसरीला तेवढा रे लागतो. म्हणजे अजून डाव्या हाताला घाबरणारी मुलं पहिली ओळ वाजवतील आणि बाकीची दुसरी. हे मी ठरवलं नव्हतं, मुलांनी आपल्या ताकदीप्रमाणे सूर निवडले. दोन गटांत वाटून वाजवलं तेव्हा खोली भरून गेली.

तिसऱ्या ओळीसाठी एक मुलगी हटून बसली. तिला कंडक्टरला मोठ्याने हाक मारायची आहे आणि त्यासाठी "अजून वरचा" सूर हवा. तो आहे: पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर तार सा. हिरवी टिकली लावून दिली. अनामिका टेकवून तिने तो काढला. बारीक पण स्वच्छ निघाला.

कंडक्टर काका तिकीट द्या
प प ध सां, सां ध प ग

चौथी ओळ, "आजीच्या गावी पोचवून द्या", दुसरीच्याच चालीवर.

शनिवार, २ ऑगस्ट

ताल. टाळी आणि खाली (टाळीशिवायची मात्रा) मुलांना हाताने येते, तीच वाद्यावर आणली. केरव्याच्या आठ मात्रा मोजत पहिलीवर सगळ्या तारांवरून नखाने खाली हात, पाचवीवर तसाच हात पण डावा पंजा तारांवर आडवा टेकवलेला, म्हणजे सूर न निघता "टक". सम वाजते, खाली मुकी राहते. दादऱ्यात तेच पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर.

हात कुठे मारायचा? मुलं भोकावर मारतात. मान जिथे पोटाला मिळते तिथे मारला तर आवाज मऊ येतो आणि बोट अडकत नाही. मनगट ढिलं हवं, खांदा हलता कामा नये. नख खूप कापलेलं असेल तर अंगठ्याच्या मांसल भागाने.

आधी खोलीत गोल चालायचं, पावलावर टाळी, मग बसून वाजवायचं. हा क्रम उलटा केला तर मोजणी तोंडात राहते आणि हात भलतंच करतो.

शनिवार, १६ ऑगस्ट

दहीहंडी. वर्ग नाही. डावखुऱ्याचं वाद्य घेऊन आले. चाचांनी खाच इतकी बेताची केली आहे की वेगळं काही केलंय हे दिसतही नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज पहिली कॉर्ड, आणि ती आधीच येत होती.

कंडक्टरच्या हाकेचा तार सा धरायला सांगितला. बोट न उचलता चारही तारा वाजवा म्हटलं. प सा ग सां. हीच सी मेजर. मुलांना काहीच नवीन शिकावं लागलं नाही. ज्या मुलीने वरचा सूर मागितला होता तिच्याकडे सगळे वळून बघायला लागले.

मग ए मायनर, तीही एका बोटाची: चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की ध सा ग ध. मुलं म्हणाली, "हे उदास वाजतं." एकीने लगेच एसटीचं गाणं त्यावर म्हणून पाहिलं आणि शब्द बदलले: एसटी गेली, एसटी गेली. हे मला फार आवडलं.

ग ची तार आजपासून ट्यूनरप्रमाणे.

जी सेव्हन या वर्षी शिकवणार नाही. सरगमीत ती प रे म नी अशी आहे, ऐकायला सुरेख, पण तीन तारांवर तीन बोटं अगदी जवळजवळ कोंबायची. सात वर्षांच्या मुलाची त्यात आठवडेच्या आठवडे जातात आणि तेवढ्यात त्याचं गाणं निसटतं.

शनिवार, ६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. मिरजेत आज वर्ग घ्यायचा विचारही कोणी करणार नाही. स्वागतकमानी उभ्या आहेत आणि मिरवणूक उद्यापर्यंत चालेल. गेल्या शनिवारीही गणपतीमुळे दोघंच आली होती. वाद्यं कपाटात. तारा मात्र लावून ठेवल्या.

शनिवार, १३ सप्टेंबर

हादगा जवळ आला. वाचनालयाच्या अंगणात दरवर्षी मुलींचा हादगा होतो. यंदा मुलगे आणि वाद्यं दोन्ही असणार, असं मुलींनीच ठरवलं.

पण गाणी पांढरी एकमध्ये बसेनात. आमच्याकडच्या चालींत काही ओळी सा च्या खाली, मंद्र पंचमापर्यंत उतरतात. युकुलेलेवर पांढरी एकच्या खाली सूरच नाही. आणि लहान मुलांचा आवाज तिथे बसतो, शब्द पुटपुटल्यासारखे होतात. उपाय एकच, सा वर न्यायचा. पांढरी चारला सा धरला की तो दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर येतो आणि मंद्र प मोकळ्या तिसऱ्या तारेवर. मुलांचा आवाज तिथे लगेच मोकळा झाला. आई-आज्या अंगणात जिथून गाणी उचलतात, तीही साधारण याच उंचीची जागा.

पांढरी चारचा आणखी मोठा फायदा म्हणजे दोन कॉर्डवर बहुतेक गाणी भागतात आणि दोन्ही सोप्या. एफ: तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. सरगमीत ग प सा ग. सी सेव्हन: मधलं बोट उचलायचं आणि तर्जनी शेजारच्या पहिल्या तारेवर सरकवायची, पडदा तोच. रे प नी म. तर्जनी एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाते, एवढाच बदल.

कधी बदलायचं ते मी वहीवर लिहून दिलं नाही. गाणं म्हणताना घर सुटलं असं वाटलं की हात वर करा, परत आलं की खाली, असं सांगितलं. चाल सा किंवा ग वर विसावते तेव्हा घर, रे किंवा नी वर टेकते तेव्हा बाहेर. दुसऱ्या फेरीला हात जवळपास एकदम वर जात होते. ऐन कुठल्या अक्षरावर बदलायचं यावर दोन बहिणींत वाद झाला. दोघींची चाल वेगळी होती, एकीने आजोळी शिकलेली, एकीने शाळेत. दोन्ही ठेवल्या.

ज्यांना एफ अजून जमत नाही त्यांनी घर असेल तेव्हा फक्त तिसरी तार अंगठ्याने धरायची. तो पंचम दोन्ही कॉर्डमध्ये आहे, त्यामुळे बदल चुकला तरी बेसूर होणार नाही. सगळ्यात लहानग्याचं काम ते.

शनिवार, २० सप्टेंबर

तालीम. उभं राहून वाजवता येत नाही, पट्टे नाहीत. परकराच्या नाड्या बांधून पाहिल्या, वाद्य फिरतं आणि मुलं एका हाताने ते सावरत बसतात. ठरलं असं: अर्धी मुलं पाटाभोवती फेर धरतील, अर्धी पाटाजवळ मांडी घालून वाजवतील, दर गाण्याला अदलाबदल. हत्तीचं चित्र मुलं काढून आणणार.

आवाजाबद्दल पालकांना काळजी होती की अंगणात वाद्य ऐकू जाणार नाही, माइक लावू का? नको. सोप्रानोचा आवाज मुळात लहान. फेरातल्या मुलींना तो ऐकू आला आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा ऐकू आला की झालं. माइक लावला की मुलं गाणं सोडून माइककडे बघतात.

शनिवार, २७ सप्टेंबर

हादगा झाला. पाटावर हत्ती, फुलं, भोवती फेर.

पहिल्या गाण्याला लय भरभर धावली. फेर चालत होता तो पायांच्या गतीने, वाजवणारे मात्र उत्साहात पुढे. मी काही बोलायच्या आत डावखुरा मुलगा थांबला, वाद्य मांडीवर ठेवून त्याने फेराच्या पावलांवर टाळ्या द्यायला सुरुवात केली, आणि दोन ओळींत सगळे त्या लयीवर आले. मग त्याने पुन्हा वाद्य उचललं.

तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत शेजारपाजारच्या आज्या फेरात उतरल्या होत्या. त्यांनी मुलांना न येणारं एक गाणं उचललं. मुलांना त्याच्या कॉर्ड कोणी सांगितलेल्या नव्हत्या. थोरली पहिल्या ओळीला नुसतं ऐकत होती, दुसरीला तिची तर्जनी सरकली, तिसरीला बाकीच्यांनी तिच्या बोटाकडे बघून धरलं. चुकलं ते दोन ठिकाणी. या वर्गातून मला जे हवं होतं ते हेच, आणि ते मला इतक्या लवकर बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मला भरून आलं.

खिरापत ओळखायला वेळ लागला. काकडी निघाली. शेवटी एसटीचं गाणं झालं, आज्यांनी तिकिटं मागितली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दसऱ्याला वाद्यांची पूजा झाली, झेंडूच्या पाकळ्या अजून भोकांतून निघत आहेत. उलटं करून हलवलं तर निघतात, काडी घालू नये, आतल्या पट्ट्या सुटतात.

तारांचा ताण आता स्थिर आहे, आठवडाभर फारसं उतरत नाही. दोन वाद्यांच्या खुंट्यांचे स्क्रू सैल होते, घट्ट केले. पहिल्या तारा दोन-तीन वाद्यांवर पडद्याच्या जागी चपट्या झाल्या आहेत, सहामाही परीक्षा आणि दिवाळी आटोपली की बदलायच्या. मुलांनी सुट्टीत वाद्यं घरी न्यायची का यावर पालकांशी बोलले. न्यायची. अट एकच, दुचाकीच्या डिकीत आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाहीत, गोंद सुटतो आणि घोडी उखडते.

दिवाळीनंतर नवी मुलं येणार आहेत, नावं आत्ताच आली आहेत. त्यांचा पहिला तास थोरली आणि दात पडलेला छोटा मिळून घेणार, असं त्या दोघांनी मला सांगितलं. छोट्याला आता एक दात आला आहे. त्याने हाकांचा खेळ कुठल्या क्रमाने घ्यायचा ते माझ्याकडून लिहून घेतलं, आणि त्यात एक बदल सुचवला: दाराबाहेर जाणाऱ्याने आधी सा वाजवायचा, म्हणजे आतल्यांना कुठून ऐकायचं ते कळेल. बदल चांगला आहे. तसंच करू.